‘टेक’ची दहा वाक्यं

आई, तुझ्या इंग्रजीबद्दल लिहायला बसले आहे. तू असतीस तर “माझं कसलं गं इंग्रजी!” म्हणत पदर तोंडाला लावून हसली असतीस. पण मी पुढे जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, ढिगांनी वह्या तपासल्या, आणि तुझ्या वाक्यांसारखी वाक्यं मला पुन्हा कुणाच्याच वहीत सापडली नाहीत. हे तुला सांगायचं राहून गेलं.

तू मुलुंडच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला होतीस. फिरत्या पट्ट्यासमोर दिवसभर उभं राहायचं, बाटली आली की लेबल सरळ आहे ना बघायचं आणि खोक्यात भरायची. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, मी दहावीत होते, आणि तुझ्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उभं राहायचं काम सोडा, नाहीतर पाय कायमचे जातील. सोडून खायचं काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही. त्याच सुमारास तुमच्या सुपरवायझरबाई निवृत्त होणार असं कळलं. सुपरवायझरला खुर्ची असते! पण तिला रोजचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, म्हणून आधी इंग्रजीचा पेपर. तू सातवी पास, तीही गावच्या शाळेतून. ऑफिसातल्या एका बाईंना तुम्हा सगळ्याजणींची दया आली आणि त्यांनी मोठा प्रश्न आधीच सांगून टाकला: ‘टेक’ हे क्रियापद निरनिराळ्या अर्थांनी वापरून दहा वाक्यं लिहा.

मी लगेच तुझी मास्तरीण झाले. काय तो माझा तोरा! रविवारी दुपारी ओट्यापाशी खाली बसून तू तांदूळ निवडते आहेस आणि मी गाईड उघडून समोर बसले आहे. राजाने किल्ला घेतला. राम दूध घेतो. “हीच दहा पाठ कर,” मी म्हणते. तू सुपातून मान वर करून विचारतेस, “कुठचा राजा? मी त्याला कधी बघितला?” मग जरा वेळानं, खडा बाजूला टाकत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणतेस, “आपल्या घेण्यासारखंच आहे की गं हे. श्वास घेतो, सुट्टी घेतो, मनावर घेतो, अंगावर घेतो. माणूस किती काय काय घेत असतो.” मी कपाळावर हात मारला होता. मला जे कळायला बीएडपर्यंत शिकावं लागलं, ते तुला तांदूळ निवडताना कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तू कारखान्यातून वाक्यं आणायला लागलीस. औषधाबरोबर घालायची माहितीपत्रकं छापताना बिघडली की तुम्हाला ती पाठकोरी घरी आणायला मिळायची, त्यांच्याच मागे तू ती वाक्यं पेन्सिलीनं लिहायचीस. पट्ट्यावर काही घडलं की तू ते ‘टेक’मध्ये बसवायचीस, घरी येऊन मला विचारायचीस आणि मी स्पेलिंग सुधारायची. ‘एक खोकं भरायला चार बाया लागतात.’ ‘साहेब आम्हाला कामचुकार समजतात.’ ‘मी आजारी पडले तर माझी जागा कोण घेईल?’ ‘माझे पाय आता भार घेत नाहीत.’ इंग्रजीत लागणं आणि समजणंही ‘टेक’च, म्हणजे सगळी ‘टेक’ची, सगळी खरी. मी गाईडमधून डोकं वर काढून त्यांच्याकडे बघत राहायची आणि वर म्हणायची, “ठीक आहे, चालेल.”

दहावं वाक्य तू संक्रांतीनंतर आणलंस. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. बाया बाहेर हसत-खिदळत उखाणे घेत होत्या आणि तू आत तिळगुळाच्या बशा भरत होतीस. तुझ्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव असं तोंडानं घ्यायच्याच नाहीत, घ्यायचं ते फक्त उखाण्यात. बाबा गेले तसा तुझा उखाणाही बंद झाला. तू लिहिलं होतंस, ‘हळदीकुंकवाला मला कुणी त्यांचं नाव घ्यायला सांगत नाही.’ मी ते वाचलं आणि लाल पेननं आडवी रेघ मारली. “असलं कुणी परीक्षेत लिहितं का? शिवाय हे इंग्रजीत बसत नाही.” तू चिडलीस किंवा हळवी झालीस की मालवणीवर यायचीस. “खोटां हा काय तां?” एवढंच म्हणालीस. मी गाईडमधलं राजाचं वाक्य त्या जागी लिहून दिलं.

पेपर झाला. तू नऊच वाक्यं लिहिलीस आणि दहाव्याची जागा कोरी सोडून आलीस. मी घर डोक्यावर घेतलं. खुर्ची जाणार, पाय जाणार, एका वाक्यापायी! तू शांतपणे भाकरी थापत होतीस. “माझां तू काढलंस,” तू म्हणालीस, “आणि दुसऱ्याचां माका लिहूक जमलां नाय.” पंधरा दिवसांनी निकाल लागला. बाकीच्या सगळ्याजणींनी एकाच गाईडमधला तोच राजा आणि तोच किल्ला लिहिला होता. स्वतःची वाक्यं फक्त तुझी होती, म्हणून खुर्ची तुला मिळाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तू पाय पसरून बसलीस आणि पोटऱ्या मला दाखवून म्हणालीस, “बघ, आज नाही फुगल्या.” एवढी मोठी बाई माझी आई आहे, या विचारानं मी त्या रात्री तुझे पाय चेपत बसले.

ते वाक्य इंग्रजीत खरोखरच नीट बसत नव्हतं, तिथे नाव ‘टेक’ करणं म्हणजे ते टिपून घेणं, पण हे मला कॉलेजात कळलं. तेव्हा मला कुठलं माहीत असायला! मी रेघ मारली, कारण ते वाचून मला बाबा आठवले, आणि रडले तर तूही रडशील याची भीती वाटली. माझी भीती मी इंग्रजीच्या नावावर खपवली. त्यानंतर आपण दोघी त्याच खोलीत किती वर्षं राहिलो. दार लावलं की कोण होतं ऐकायला? मीच एकदा म्हणायला हवं होतं, आई, नाव घे. एकदाही म्हटलं नाही.