गुण आला म्हणे

रविवार, चौदा तारीख, सकाळ

ती. दादा,

नमस्कार. वहिनींना सांग, स्वेटर पोचला. बाह्या लांब आहेत, पण आमच्या उंदरांच्या खोलीत इतकी थंडी असते की त्या लांबच बऱ्या. मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि डोकं नेहमीसारखंच गरम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर वहिनींचं, पण फुशारकी तुझीच! "धाकटे, शर्टाची बटणं माझी मी लावली. शेजारचे मास्तर म्हणाले, बहिणीच्या औषधाचा गुण आला." वाचलं, पत्र उलटं ठेवलं आणि भांडी घासायला उठले. भांडी दोनच होती.

आमच्या कामात हा शब्द फार. आईकडून येतो तो गुण, गुणसूत्रात बसतो तो गुण, आणि उतार पडला तर म्हणायचं गुण आला. आमचे म्हातारे सर म्हणायचे, "भाषेनेच आपली थट्टा केलीये."

इकडे सगळं तेच. खिडकी नसलेली खोली, घरघरणारा फ्रीज, आणि स्टॉपवॉच धरून बसलेली मी. उंदीर फिरत्या दांड्यावरून कधी पडतो ते बघायचं. गेल्या वर्षी साहेबांना म्हटलं, आता पुरे, मला मोकळं करा. तर म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर हा आजार असलेल्या घरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" संपलं! आई याच आजाराने गेली, तेव्हा मामाही म्हणाले होते, "ही हुशार आहे, हीच औषध काढेल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पुढे तपासणीत तुझ्यात आईचा तो गुणसूत्रातला दोष निघाला, माझ्यात नाही. मग तर पाय काढायची सोयच उरली नाही. तुझे हात थरथरत असताना मी दुसरं काही करायला लागले असते, तर कुठल्या तोंडाने तुझ्या घरी आले असते? मला तेव्हा काय व्हायचं होतं, ते आता खरंच आठवत नाही. रडू त्याचंच येतं.

तुझ्या भिंगरीचंही वेगळं पत्र आलंय. विमानाची इंजिनं दुरुस्त करायच्या शिक्षणाला तिला जागा मिळालीये, शुक्रवारपर्यंत होकार द्यायचाय, आणि ती नाही म्हणणार आहे. "आत्या, बाबांना गुण येतोय. मी तुझ्या हाताखाली येते, उरलेलं आपण दोघी मिळून करू." सातव्या वर्षी वहिनींचा मिक्सर खोलून पुन्हा जोडणारी आणि वर "आता आवाज कमी येतो" म्हणणारी पोर! आणि तू लिहितोस, पोरगी आत्यावर गेली, ऊर भरून आला.

दादा, वर स्वेटर आणि फ्रीज लिहिला तो टाळाटाळ म्हणून. आता लिहिते.

मागच्या सोमवारी आमच्या औषधाच्या चाचणीचे निकाल उघडले. कुणाला खरं औषध दिलं आणि कुणाला नाही, हे तोवर कुणालाच ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. औषध फुकट गेलं. ज्यांना मिळालं ते आणि ज्यांना नाही ते, सगळे सारखेच ढासळले. इस्पितळ पुढच्या महिन्यात घरोघर कळवेल. तोवर मी तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. तो आज मोडतेय, कारण शुक्रवार आधी येतो.

तुझा क्रमांकही मी पाहिला. पाहायला नको होता. दर महिन्याला दात आवळून कण्यात सुई घ्यायचास ना, "धाकटीसाठी" म्हणत? त्या सुईत औषध नव्हतंच रे. मिठाचं पाणी होतं.

बटणं लागली ती खरीच. या आजारात असे बरे दिवस मधूनच येतात. तुझा तो दिवस हिरावून घेताना माझा हात उचलत नाही, पण गप्प बसले तर भिंगरी अडकते. तो दोष तिच्यात उतरलाय का, ही तपासणी करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल. माझ्याकडे मात्र तिला पाठवू नकोस. माझ्या शेजारचं स्टूल रिकामं आहे, आणि खोटं कशाला बोलू, तिचं पत्र वाचून आधी मला आनंदच झाला. वाटलं, चला, सोबत आली. मग माझीच मला भीती वाटली.

मी सांगून ती ऐकायची नाही, आत्या थकलीये म्हणेल. तूच सांग. निघणाऱ्याला 'जा' म्हणू नये, 'ये' म्हणावं, असं आईने शिकवलंय. तरी तिला 'जा'च म्हण.

आणि तिला म्हणून झालं की, जमलं तर, एकदा मलाही म्हण.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी