निल्दानं बेतलेली खोली

प्रिय व्याही ग्रिमाल्दो,

पाकिटावर माझं नाव बघितल्याबरोबर हे पत्र फाडावंसं वाटलं असेल, तर तो तुमचा हक्कच आहे. फक्त आधी वाचा. यात माझ्यापेक्षा तुमच्या मुलीविषयी, निल्दाविषयी, जास्त आहे, आणि तिच्याविषयी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं. एवढी वर्षं कुणीच सांगितलं नाही.

दीड वर्षापूर्वी मी परांचीवरून पडलो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, तीन-तीन मजले चढलो, आणि पडलो तो जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवरून. खुब्याचं हाड मोडलं. आता चाकाच्या खुर्चीत असतो, फार तर कुणाच्या आधारानं चार पावलं टाकतो. आमचं घर तुम्हाला आतून माहीत नाही. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन झोपायच्या खोल्या आणि संडास. तो जिना मीच बांधला, उभाच्या उभा, जागा वाचवली म्हणून मिरवायचो. आता माझा एदिल, तुमचा जावई, रोज सकाळी मला संडासासाठी पाठीवर घेऊन तो जिना चढतो आणि खाली आणतो. बाकी दिवसभर मी पुढच्या खोलीत पडद्याआड. शेजारीण मीठ मागायला आली तरी तिला आधी माझे पाय दिसतात. माणूस म्हातारा झाल्याचं दुःख नसतं हो, लोकांच्या वाटेत आल्याचं असतं.

मागे परस आहे, साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद. तिथं कपडे धुण्याचं टाकं, गिनीपिगांची खुराडी आणि माझ्या आयुष्यभराच्या कामातून उरलेला विटांचा ढीग. तिथं माझ्यासाठी खोली आणि मोरी-संडास काढायचा असं निल्दानं ठरवलं. पैसे म्हणाल तर तिनं दीड वर्ष शाळेचे गणवेश शिवून बाजूला टाकलेले, तेवढेच. वस्तीतल्या नकाशेवाल्यानं नुसत्या कागदाचे जे मागितले, त्यात माझ्या हिशेबानं एक अख्खी भिंत उभी राहिली असती. तेव्हा निल्दा म्हणाली, "मग मीच बेतते."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हटलं, "पोरी, झगा नाहीये तो, खोली आहे."

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "दोन्हीत माणूसच घालायचा असतो ना, बाबा?"

मला ती बाबा म्हणते. तुम्हाला वाचून कसं वाटेल ठाऊक नाही, पण लपवत नाही.

माझा बेत तयारच होता. सगळा परस व्यापणारी एक मोठी खोली, कडेनं बोळ आणि टोकाला संडास. आम्ही गवंडी असंच बांधतो. तिनं ऐकून घेतलं आणि पहिला आठवडा काहीच केलं नाही, नुसती मला बघत राहिली. मी खुर्चीतून पलंगावर कसा जातो, कुठल्या हातावर भार देतो, उठताना कोपर किती बाहेर येतं. मला राग यायचा. "माप घेतेस का शवपेटीचं?" असं एकदा ओरडलोही. ती म्हणाली, "शवपेटीला एवढी मापं लागत नाहीत. तिथं कुठं वळायचं असतं?" आमची यादिरा, तुमची नात, सात वर्षांची, हे ऐकून इतकी हसली की तिच्या नाकातून दूध आलं.

मग एका रविवारी तिनं विटांचा ढीग भिंतीला लावून घेतला, परस झाडला आणि शिवणकामाचा खडू घेऊन गुडघ्यांवर बसली. मला खुर्चीसकट मधोमध नेलं आणि गोल फिरायला सांगितलं. चाकांच्या बाहेरून तिनं खडू फिरवला. दीड मीटरचं वर्तुळ. म्हणाली, "हे पहिलं. हे आधी बसवायचं, बाकी सगळं याच्या भोवती." मग कापडं बेतायच्या खाकी कागदातून खऱ्या मापाचा पलंग कापला, कमोड कापला, बेसिन कापलं, छोटं कपाट कापलं. ते कागद ती परसात मांडायची, उचलायची, फिरवायची. वारा आला की यादिरा कमोडावर दगड ठेवायला धावायची. मी विचारलं, हे कुठं शिकलीस. मान वर न करता ती म्हणाली, "आमच्या पप्पांच्या टेबलावर. जत्रेतल्या नाचणाऱ्यांचे पोशाख बेतताना मखमल कमी पडली की ते कात्रीला हात लावायचे नाहीत. दिवस दिवस नुसते कागद सरकवत बसायचे."

आठ वर्षांत तुमचं नाव तिनं घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी दुसरीकडे बघितलं. का, ते पुढे सांगतो.

तिनं जे मांडलं ते ऐका, तुम्ही कारागीर आहात, तुम्हाला कळेल. संडास तिनं परसाच्या टोकाला ठेवलाच नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून घेतला. पाणी तिथं आहेच, सांडपाण्याची वाट तिथं आहेच, नळाचा खर्च निम्म्यावर. बोळ काढून टाकला. "चालण्यासाठी वेगळी जागा बांधायची आपली ऐपत नाही," म्हणाली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातूनच माझ्या खोलीत. दार सरकतं, म्हणजे उघडायला जागा खात नाही. परस स्वयंपाकघरापेक्षा एक पायरी खाली होता. माझे विटांचे फुटके तुकडे तिथं भरून तिनं दोन्ही जमिनी एका पातळीत आणायचं ठरवलं. अठरा वर्षं ज्या ढिगावरून माझी बायको, देव तिला शांती देवो, माझ्याशी भांडली, तो असा कामी आला. टाकं आणि खुराडी राहिलेल्या कोपऱ्यात.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते उघड्या चौकावरून. तिनं संडासाच्या बाजूला, स्वयंपाकघराचं मागचं दार आणि माझी खोली यांच्यामध्ये, सव्वा मीटरचा तुकडा मोकळा सोडला, वर छप्पर नाही. एदिल चिडला. "एवढीशी जागा, त्यात आभाळ कशाला ठेवतेस?" मीही त्याच्या बाजूनं बोललो. आमच्या डोंगरावर हिवाळ्याचे चार महिने सूर्यच नसतो, नुसती धुक्याची भुरभुर पडते. उजेड कसला घेणार? निल्दानं वाद घातला नाही. वरच्या मजल्यावरची सतरंजी आणून तिनं बांबूंवर त्या तुकड्यावर ताणली आणि एदिलला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "आता कांदा चिर." भर दुपारी बाराला त्याला दिवा लावावा लागला. तो बाहेर आला, सतरंजी स्वतः काढली आणि घडी करून तिच्या हातात दिली. त्या सव्वा मीटरमधून आता दोन खिडक्यांना उजेड येतो आणि तिच्या रश्श्याचा वास मला.

व्याही, मी शंभर घरं तरी बांधली असतील. भिंत ओळंब्यात आहे का हे मी नेहमी बघितलं. त्या भिंतीआड माणूस उठेल कसा, बसेल कसा, हे एकदाही विचारलं नाही. तुमच्या मुलीनं खडूच्या एका तुकड्यानं मला माझं काम शिकवलं. आणि उगाच फुशारकीही नाही तिला. कॉलम कुठं हवेत, सळया किती, स्लॅब केवढा जाड, हे मात्र तिनं शिकलेल्या इंजिनियरलाच विचारलं. "कापड उसवता येतं, स्लॅब नाही," म्हणाली.

काम सुरू झालं. एदिल रविवारी आणि कामावरून आल्यावर, निल्दा मधल्या वेळात, मी खुर्चीतून तोंडानं. पाण्याची नळी धरून पातळी कशी बघायची ते मी तिला शिकवलं, आणि तिथंच माझी फजिती झाली. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत खणल्यावर माझा जुना सांडपाण्याचा पाइप उघडा पडला. निल्दानं नळी लावली, परत लावली, आणि माझ्याकडे बघितलं. पाइपाचा उतार उलटा होता. घराकडे. मला ते पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मोरी तुंबली की मी बायकोला बोलायचो, तू तूप-तेल ओततेस म्हणून. अठरा वर्षं, ती जाईपर्यंत, तिनं हे ऐकून घेतलं, कारण फरशी फोडून चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती.

निल्दा आधी हसली. मग हसायची थांबली. चिखलाचे हात तसेच ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना एकदा तरी सांगायचं होतं हो."

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. कारण जमिनीखाली दडवलेली माझी तेवढी एकच गोष्ट नव्हती. दुसरी तुम्हाला माहीत आहे, ग्रिमाल्दो. अर्धीच माहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या हौहा गावाहून डोंगर ओलांडून आमच्या दारात उभे राहिलात. अंगात कोट, हातात टोपी, बगलेत कागदात बांधलेलं पुडकं. यादिराचा पहिला वाढदिवस होता. मी तुम्हाला आत या म्हटलं नाही. मी म्हणालो, निल्दा आत आहे, पण तिला तुमचं तोंड बघायचं नाही, तसं तिनं सांगितलंय. तुम्ही पुडकं माझ्या हातात दिलंत आणि उतारावरून निघून गेलात. ते खोटं होतं. निल्दा घरात नव्हतीच. ती पोरीला लस द्यायला दवाखान्यात गेली होती, अर्ध्या तासात परत आली. तिनं तसं कधीच काही म्हटलं नव्हतं. उलट परत आल्यावर तिनं दोनदा विचारलं, कुणी आलं होतं का. मी नाही म्हणालो.

का केलं? तुम्ही लग्नाला आला नाहीत आणि लोकांकरवी निरोप पाठवलात, गारा कालवणाऱ्यांच्या घरात गेली ती माझी मुलगी नाही म्हणून. ते मला लागलं होतं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी तुमच्या तोंडावर भांडलो असतो. खरं कारण म्हणजे मी घाबरलो. माझी बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, घर निल्दानं सावरलं होतं, आणि तुमचा तो कोट बघून मला वाटलं, हा माणूस तिला घेऊन जाणार. म्हणून मी दार अडवलं. पुडकं अवजारांच्या पेटीत तळाशी ठेवलं.

भिंती झाल्या, चौकटी बसल्या, स्लॅबची फळ्या-बांबूंची तयारी झाली. माझ्यासाठी ही बाई उजेड मोजून ठेवते आहे, माझ्या कोपराला जागा ठेवते आहे, आणि मी त्या खोलीत जाऊन निजणार? स्लॅब टाकायच्या आत सांगायलाच हवं होतं. अशा माणसासाठी छप्पर घालायचं की नाही हे तिला ठरवता यावं म्हणून. गेल्या मंगळवारी मी तिला सगळं सांगितलं आणि पुडकं मांडीवर ठेवलं. तिनं सुतळी सोडली. आत एक वर्षाच्या मुलीचा छोटासा कोट, मखमली गळ्याचा. तिनं तो उलटा केला, आतली शिवण बघितली, एका काजावरून बोट फिरवलं आणि उठून वर गेली. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. जेवणाचं ताट यायचं, ती यायची नाही. एदिलही मला जिन्यावरून न बोलताच न्यायचा. तिसऱ्या सकाळी सिमेंटची पोती आली. दारातून तिचा आवाज आला, "बाबा, खुर्ची बाजूला घ्या, पोती तिथं ठेवायचीत." मग माझ्यासमोर उकिडवी बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "खोली मी पुरी करणार आहे. तुम्ही चांगले आहात म्हणून नाही, खोली चांगली आहे म्हणून. पण पप्पांना मी फोन करणार नाही. ज्या तोंडानं तुम्ही त्यांना परत पाठवलंत, त्याच तोंडानं बोलवा."

म्हणून हे पत्र. माफी मागतो, ती द्यायची की नाही ते तुमच्यावर. येत्या पंधरवड्यानंतरच्या रविवारी स्लॅब टाकायचा आहे. सारी वस्ती घमेली घेऊन येईल, गिनीपिग रश्शात पडतील, मक्याची दारू, आपली चिचा, आंबत ठेवली आहे. स्लॅब झाल्यावर त्यावर बाटली फोडायला छपराचा धर्मपिता लागतो, तुमच्याकडेही तीच रीत असेल. तीन जणांनी विचारलं, निल्दानं तिघांनाही नाही म्हटलं, आणि दुसऱ्या कुणाचं नाव तिनं घेतलेलं नाही. तुम्ही या. माझ्याशी बोलू नका हवं तर, तिनं काय बेतलंय ते बघा. प्रवास जमणार नसेल तर निदान फोन करा. सहीखाली नंबर आहे. तो मी लिहिलेला नाही. मी पत्र वाचून दाखवल्यावर तिनं पेन मागून घेतलं. अक्षर तुम्ही ओळखालच.

तुमच्या मुलीच्या घरात राहणारा, तुमचाच अपराधी,
देमेत्रिओ