रोज मोजलेली जखम

३ जून

ती. ताईस सा. न.

पोहण्याच्या तलावाची शिडी नडगीला लागून महिना झाला, तरी जखम सुकेना म्हणून तू स्वतःच्याच नावाने बोटं मोडतेस. तुझी चूक नाही. मी तीन पुस्तकं वाचली, ओळीखाली रेघा मारून. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन नवी कातडी धरायला मदत करतं. पाळी गेली की ते घटतं आणि जखमा रेंगाळतात. आमचं टेस्टोस्टेरॉन तर जखमेतली सूज उगाच लांबवतं. म्हणजे इथे पुरुषांनी मिशीला पीळ देऊ नये.

लेथवरचा माझा व्हर्निअर, बारीक मापाची मोजपट्टी, स्पिरिटने पुसून पाठवला आहे. रोज पट्टी सोडून लांबी घे, दशांश मिलिमीटरपर्यंत. अंदाज चालणार नाही. माझा कापलेला तळहातही मी रोज मोजतो. एक जुलैला तू पाण्यात उतरली नाहीस तर तुझा बायकांचा पोहण्याचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे जाणार, हे माझ्या ध्यानात आहे.

धाकट्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझा भाऊ

१२ जून

चि. भाऊस अ. उ. आ.

आकडे असे: १४.२, १३.९, १४.४, १४.३. मी रडायच्या बेतात होते. वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. हार्मोनचं तुझं वाचन खरं आहे म्हणाल्या, फुगू नकोस. पुढे त्यांनी विचारलं, रोज पट्टी उचकटायला कोणी सांगितलं? मी तुझं नाव घेतलं. नवी कातडी पट्टीला चिकटून रोज निघते आहे म्हणे. आता पट्टी त्याच बदलणार.

तळहाताचे आकडे तू एकदाही का कळवले नाहीस, ते आत्ता उमगलं: तेही घटत नसणार. पुन्हा मोजलंस तर कान पिळीन.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२४ जून

ती. ताईस सा. न.

चूक माझी. हे वाक्य जपून ठेव, दुसरी प्रत मिळणार नाही. पुस्तकात हार्मोन होते, माझी चाळवाचाळव करणारी बोटं नव्हती. आता पट्टी बायको बदलते आणि तेवढा वेळ मला भिंतीकडे तोंड करून बसवते. जखम किती मिटली, ठाऊक नाही. त्याहून जास्त घोर तुझ्या एक तारखेचा लागला आहे.

कान शाबूत ठेवावेत, ही विनंती.
तुझा भाऊ

१ जुलै

चि. भाऊस अ. उ. आ.

डॉक्टरीणबाईंनी नडगीवरून नुसतं बोट फिरवलं आणि जा म्हणाल्या. सकाळी सात बायका काठावर वाट बघत उभ्या होत्या. सगळ्यांत आधी मी उतरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस मीटर, एका दमात.

हा आकडा तुझ्या वहीत लिही. दशांश नको.

पाण्याने अजून केस ओले असलेली,
तुझी ताई