किल्ली काढूनही जळणारे दिवे

चुडावा, ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार.

सकाळी हरभरा पाहून आलो. दुपारी वरण-भात केला. महारुद्र वायरिंगवाला येऊन गेला. गाडी दारात उभी आहे.

आदरणीय रुद्रेशअण्णा यांस शिवाप्पाचा शरणार्थ. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. सेलूत थंडी ओसरली का? वहिनींना माझा नमस्कार सांगा. फोन सोडून पत्र का लिहिलं, असं विचाराल. फोनवर मला सुचत नाही. तुमची बहीण महादेवी होती तोवर तीच बोलायची आणि मी मागून 'हो' म्हणायचो. शिवाय या आठवड्यात मला एवढे धक्के बसले आहेत की ते उभ्याउभ्या सांगण्यासारखे नाहीत.

तुम्ही देवगाव फाट्याचं गिऱ्हाईक ठरवलंत, ते पुढच्या रविवारी पिकअप पाहायला येणार. महादेवी गणपतीत गेली तेव्हापासून मी भाजी घेऊन परभणीला जात नाही, गाडी नुसती उभी असते, तेव्हा विकलेली बरी, हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं. त्यावर तुमच्या रुद्राणीने सुचवलं की मामा, नव्या गाड्यांना पुढे दिवसा जळणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या असतात, तशा बसवून घ्या, गाडी पाच वर्षांनी लहान दिसेल. (गाडी अठरा वर्षांची आहे. कितीही लहान दिसली तरी डावं दार सुतळीने बांधावं लागतं, हे मी तिला बोललो नाही.) दिवसा दिवा! तुमच्या बहिणीसमोर नुसता विषय काढला असता तरी मला त्या दिवशी जेवण मिळालं नसतं. ती त्याच डाव्या खिडकीत बसायची, आणि समोरून भर उन्हात दिवा लावून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला हात बाहेर काढून, बोटं उघडून-मिटून खूण करायची. नव्या मोटरसायकलींचा दिवा बंदच करता येत नाही, कंपनीनेच तसा दिलाय, हे मी तिला कितीतरी वर्षं सांगत होतो. "कंपनीला काय कळायलंय? बॅटरी उतरायलीय की बिचाऱ्याची," असं म्हणून पुढच्याला खूण. परभणी येईपर्यंत तिचा हात भरून यायचा आणि संध्याकाळी खांद्याला तेल मी चोळायचो.

असो. बुधवारी परभणीला जाऊन महारुद्रकडून पट्ट्या बसवून घेतल्या. किल्ली फिरवली की लागतील, काढली की विझतील, असं त्याने दोनदा सांगितलं. परत येताना पूर्णेच्या अलीकडे समोरून एक मोटरसायकल आली. मागे बसलेल्या बाईने माझ्याकडे पाहून हात वर केला आणि बोटं उघडली-मिटली. अण्णा, मी गाडी कडेला घेतली आणि दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. (धूळ फार होती.)

घरी आलो, किल्ली काढली, तर दिवे चालूच. किल्ली पुन्हा घातली, पुन्हा काढली, शेवटी खिशात घालून घरात गेलो आणि खिडकीतून पाहिलं. चालूच. महारुद्रला फोन लावला. तो म्हणाला, "काका, वायर डायरेक्ट बॅटरीवर गेली जणू. मी परळीला लग्नात हाय, रविवारी येतो. तवर हात लावू नका, वॉरंटी जाईल." तीस वर्षं शाळेत क्लार्क होतो, नियम मोडायची सवय नाही. हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी अंगणवाडीची सुकेशनी दारात. "काका, लाईट चालूच हाय की!" तिला मी किल्ली, वायर, लग्न, वॉरंटी सगळं सांगितलं. मग दूधवाला माऊली आला, मग पलीकडच्या आळीतले तिघे. पहिल्या सहा जणांना पूर्ण हकिकत सांगितली, पुढच्यांना फक्त 'हो' म्हणालो. दुपारपर्यंत चौदा माणसं झाली. महादेवीचे दिवस झाल्यानंतर आमच्या दारात बोलायला कुणी फिरकलं नव्हतं. (त्यांचा दोष नाही. मी बोलत नाही, मग समोरच्यालाही काय बोलावं कळत नाही.) बन्सीधर तर शेताच्या बांधावरच्या भांडणापासून सात वर्षं माझ्याशी बोलत नाही. तो फाटकापाशी थांबून "शिवाप्पा, लाईट" एवढंच म्हणाला, वळून चालू लागला, दहा पावलांवरून परत फिरला आणि म्हणाला, "चहा हाय का?" मी त्याला साखर दोनदा घातली, एवढा मी गोंधळलो होतो. त्याने तो तसाच प्यायला.

चौथ्या-पाचव्या चहाला सुकेशनी म्हणाली, "काकू असत्या तर तुमालाच झापल्या असत्या." पाच महिन्यांत माझ्यासमोर तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. मग माऊली म्हणाला, "मला तर काकूनं रोज हात केला. शेवटी मी लाईटवर फडकं बांधून जायचो." बन्सीधर म्हणाला, "आन् मला? भांडण चालू असतानी बी!" मग माझ्या अंगणात पाच-सहा मोठी माणसं हात वर करून, तिच्यासारखी बोटं उघडत-मिटत हसू लागली. हसणाऱ्यात मीही होतो. त्याचा धक्का अजून गेलेला नाही.

शुक्रवार आणि शनिवारही असेच गेले. आज महारुद्रने वायर काढून योग्य जागी लावली. कुठून काढली, कुठे लावली, तेही मला नीट दाखवलं. आता किल्ली काढली की दिवे विझतात. काम चोख आहे. दुपारपासून कुणी आलं नाही.

आपला,
शिवाप्पा

ता. क. : देवगाव फाट्याच्या गिऱ्हाइकाला कृपा करून येऊ नका म्हणून कळवा. गाडी द्यायची नाही. कारण विचारलं तर वायरिंगमध्ये दोष आहे असं सांगा. माझ्यासाठी तुम्हाला खोटं बोलावं लागतंय, याचा संकोच वाटतो.

ता. क. दुसरा (सोमवार, सकाळ) : गिऱ्हाइकाला सांगताना संकोच करू नका, ते आता खोटं राहिलेलं नाही. बॉनेट उघडून वायर पुन्हा बॅटरीवर लावली. पान्याचे दोन वेढे, एवढंच काम होतं. वॉरंटी गेली असावी. पत्र माऊलीच्या हाती देतो, तो आज सेलूला जातोय. साखर कालच आणून ठेवली आहे. आता मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवतो.