लोणारमार्गे दुसरबीड

नांदुरा, ता. ३ नोव्हेंबर १९३४

चि. सौ. गोजरबाईस उत्तमरावाचे अ. उ. आ. वि. वि. इकडे सर्व खुशाल. कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनापर्यंत लागली आहे, जेवायला उसंत नाही. तुझ्या वहिनीने, गीताने, मेथीचे लाडू दिले आहेत ते खावेत.

तुला विषमज्वरात बुलढाण्याला अन्नपूर्णामावशीकडे पाठवले ते थंड हवेत पडून राहण्यासाठी. मोटारवाल्यांकडून ऐकतो ते भलतेच. तू म्हणे राजूर घाटाच्या कड्यावर उभी होतीस, सैलानीबाबाच्या दर्ग्यावरही गेलीस. लेकीबाळींनी असे रानोमाळ फिरावे काय?

दुसरबीडहून तुझ्या सासूबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, सून खाटेवरून उठत नाही, तिच्या हातून आता घर होणार नाही. शेषरावांसाठी धाड गावच्या पंजाबरावांची मुलगी पाहिली आहे. अकरा तारखेला सुपारी फोडायची म्हणतात आणि तुझी संमती मागतात. मला वाटते, द्यावी. अन्नवस्त्राला ते कमी करणार नाहीत, आणि मुलीकडच्या माणसांनी किती ताणावे? दोन ओळी लिहून पाठव. खाट सोडू नकोस. माझा लोभ आहे म्हणूनच रागावतो, हे ध्यानी असावे.

तुझा दादा,
उत्तमराव

बुलढाणा, ता. ६ नोव्हेंबर

ती. दादांस, बालके गोजरचा शि. सा. न. वि. वि. लाडू पोचले. निम्मे मावशीनेच संपवले आणि वर म्हणते, गूळ कमी हाय.

मी खाटेवरून उठत नाही हे सासूबाईंना कोणी सांगितले? त्या इकडे फिरकल्या नाहीत, घरधनीही नाहीत. ताप उलटला तेव्हा मावशी उशाशी होती, आणि शेजारची जमीला कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत होती. दर्ग्याचा नवस तिनेच केला होता. माझ्यासाठी चादर चढवायची आणि मी घरी बसायचे?

घाटावर पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतच धाप लागून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कड्यावरून खाली मोताळ्याची काळी राने दिसतात, पार पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. मध्ये कुठेतरी तुमचा नांदुरा असेल. इतके मोठे जग माझ्या खाटेपासून एवढ्या जवळ होते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

संमती देत नाही. मी आणि मावशी लोणारला निघालो आहोत. मेहकरपर्यंत मोटार, पुढे जमीलाचा भाऊ वाहेद याची बैलांची दमणी. लोणार पाहून सिंदखेड राजाला जाणार. वाटेत दुसरबीड लागते. ते काही मला उचलून बाजूला ठेवता येत नाही.

राग आला तरी प्रेम कमी न व्हावे ही विनंती.

आपली,
गोजर

सिंदखेड राजा, ता. १२ नोव्हेंबर

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि. तुमचे जाऊ नकोस म्हणणारे पत्र निघायच्या सकाळीच मिळाले. वाचले आणि निघाले.

लोणारच्या काठावर उभी राहून मावशी म्हणाली, हा त उलटा डोंगर होय बाप्पा! खरेच तसे आहे. खाली उतरावे तशी झाडी दाट होते, मोर ओरडतात, आणि तळाशी हिरवे, खारे, वास मारणारे पाणी. कमळजादेवीपुढे मी काही मागितले नाही. फक्त म्हणाले, बाई, मला वर चढू दे. चढताना डोळ्यांपुढे काळोख आला. तुला उचलून न्यायला वरून माणूस बोलावते, असे मावशी म्हणत होती. मी नको म्हटले. वर येऊन काठावरच्या झऱ्याच्या धारेखाली उभी राहिले. गार पाणी डोक्यावर पडू लागले तेव्हा मला कळले की मी जगणार आहे. खूप रडले, दादा.

काल दुसरबीडला पोचलो तेव्हा ओसरीवर पाहुणे चहा पीत होते. पंजाबरावांच्या पत्नी मनकर्णाबाई यांनी विचारले, ही कोण? सासूबाई पटकन म्हणाल्या, नात्यातली हाय, बुलढाण्याची. मी सगळ्यांच्या पाया पडले आणि म्हणाले की मी शेषरावांची बायको, कालच लोणार चढून आले. आयुष्यात पहिल्यांदा उखाण्याशिवाय नाव घेतले. मुलगी द्यायची तर खुशाल द्या, पण घरात चालतीबोलती सवत आहे हे तिला सांगून द्या, असेही म्हणाले.

मनकर्णाबाई कपबशी ठेवून उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, आपल्याले त सांगतलं होतं का पहिली मरनाच्या दारी हाय! मग माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी विचारले, जेवलीस का गं माय? ते लोक सुपारी न फोडता निघून गेले.

आम्ही निघालो तसे हे दमणीपाशी आले. मान खाली. म्हणाले, झालं ते झालं, आता राह्य घरात. माझा जीव हलला, खोटे का सांगू? पण मी म्हणाले, मी तापात होते तेव्हा बुलढाण्याचा रस्ता तुम्हाला सापडला नाही. आता सापडला तर या. वाहेदला सिंदखेडकडे हाकायला सांगितले.

इथे लखुजीराजांची समाधी पाहिली. उद्या परत निघतो. लेकरावर माया असू द्यावी.

तुमची,
गोजर

नांदुरा, ता. १७ नोव्हेंबर

चि. सौ. गोजरबाईस अ. उ. आ. वि. वि. पत्र मिळाले. गीताने ते मोठ्याने वाचून दाखवले, आणि मधे मधे थांबून माझ्याकडे पाहत राहिली.

काल शेषराव इथे आले होते. बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, तुम्ही थोरले भाऊ, तुम्ही हुकूम करा, म्हणजे ती घरी येईल. मी म्हणालो, करून पाहिला, चालला नाही. तेव्हा त्यांनी, बुलढाण्याची मोटार कुठून सुटते, असे विचारले. मी मलकापूरचे नाव सांगितले. सोबत मात्र गेलो नाही.

ते येतील. उंबऱ्याबाहेर उभे ठेवायचे की आत घ्यायचे, हे तुझे तू ठरव. मी काही सांगत नाही. आत नाही घेतलेस तर नांदुऱ्याचे घर तुझे आहे. अन्नवस्त्राची भाषा मी पुन्हा करणार नाही.

मावशीस सा. न. लोभ तुझाही राहू दे.

तुझा,
उत्तमराव