तिसऱ्या मतदारसंघाचा घरजावई

२ सप्टेंबर, सोमवार
खासदार सासरेबुवांनी आज जेवता जेवता जाहीर केलं : गुडघे संपले, पुढची निवडणूक लढवणार नाही. मुळ्याचं लोणचं चावत म्हणाले, जसं काही मीठ जास्त झालंय एवढंच सांगायचं होतं.
लग्नापासून या वाक्याची वाट पाहतोय. बायकोने, मिसाओने, तेव्हा शब्द दिला होता, बाबा निवृत्त झाले की तुमच्या गावाला, त्सुबाकिउराला जाऊ. बंदरावर एक लहानसं कॉफीचं दुकान टाकायचं. निळे कप घेऊन ठेवलेत. माळ्यावर आहेत.
अडचण एकच. हे लोक आता माझ्या गळ्यात उमेदवारी मारणार. दुसरं आहे कोण? सासरेबुवांना मुलगा नाही. मी घरजावई, इसोबे हे आडनाव टाकून नुकुई शिगेतो झालो, वर त्यांचा सेक्रेटरी. पण मी काही गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलो नाही.
निर्धार : नकार. नम्र, पण ठाम.

५ सप्टेंबर, गुरुवार
सासरेबुवांनी आमच्या तिसऱ्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास लिहायला सांगितलं. समर्थक मंडळाच्या पुस्तिकेसाठी. ‘तू लिही, तुला काय काम असतं?’ म्हणाले. शब्द साधे, इशारा खोल. वारसाला इतिहास माहीत हवा.
पहिलं प्रकरण झालं. आजेसासऱ्यांच्या काळात एकाच मतदारसंघातून तिघे निवडून जायचे, त्यामुळे खरी मारामारी आपल्याच पक्षवाल्यांशी. आजेसासरे डोंगरातल्या बोगद्याच्या वचनावर जन्मभर निवडून आले. बोगदा झाला त्यांच्या तेराव्यानंतर कितीतरी वर्षांनी (आमच्यात तेरावा नसतो, पण भावना तीच). पुढे एकच जागा उरली. सासरेबुवा एकदा टीव्हीवरच्या हवामानवाल्याकडून हरले. पण पक्षाच्या यादीत, थोडक्यात हरलेल्यांना आत घ्यायची सोय असते. तिथून गेले संसदेत.
मी लिहिलं, ‘या घराण्याला हरायचीसुद्धा मोकळीक नाही.’ चमकदार वाक्य. सासरेबुवांनी खोडलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
प्रचारात उमेदवार घालतो ते पांढरे हातमोजे पार्सलने आले. माझ्या हाताला भलतेच लहान. बदलून आणतो म्हटलं, तर मिसाओ म्हणाली, राहू द्या, मला होतात. काटकसरी बाई.
दुपारी फोटोग्राफर. मिसाओचे भरपूर फोटो काढले, मला पांढरा पुठ्ठा धरायला लावला. उजेडाची चाचणी असणार. माझे पुढच्या खेपेला.
मिसाओ हल्ली आवाजाच्या क्लासला जाते. भजनीमंडळासारखं काहीतरी असेल. विचारलं नाही. बायकांना आपले छंद हवेत.

२१ सप्टेंबर, शनिवार
मंडळाची बडी मंडळी घरी. महिला शाखेच्या हाचियाबाई, लोणच्याच्या दुकानवाल्या, माझा हात धरून म्हणाल्या, ‘जावईबापू, तुमच्यावर फार पडणार हो आता. सांभाळून घ्या.’ डोळ्यांत पाणी. बाईला कल्पना नाही की मी नाही म्हणणार आहे.
अंघोळीच्या टबात नकाराची तालीम केली. ‘मी या जागेला लायक नाही.’ बाहेरून मिसाओने विचारलं, काही म्हणालात? नाही म्हटलं.
उद्या नक्की सांगतो.

३० सप्टेंबर, सोमवार
उद्या उद्या करत आठवडा गेला. घाई नको म्हणून.
आज मिसाओ समोर येऊन बसली. म्हणाली, ‘अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्सुबाकिउराचं...’ मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, मला सगळं कळलंय, बाबांनी गळ घातली असणार, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती बघतच राहिली. म्हणाली, ‘तुम्हाला माहीत आहे? आणि चालेल?’ मी म्हटलं, माझी तयारी झाली आहे.
ती रडली. माझ्या मनातला नकार ओळखून हलकी झाली, बिचारी. असं न बोलता कळायला नशीब लागतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार
मंडळाची सभा, नगरभवनात. सकाळी फलकाच्या दोऱ्या मीच बांधल्या. फलक गुंडाळलेला होता.
अध्यक्ष म्हणाले, आता उमेदवारांनी उभं राहावं. मी उठलो. मिसाओही उठली. नवऱ्यासोबत उभी राहतेय, बरं वाटलं. मी बोलून टाकलं : ही जागा मला नको. मी लायक नाही. माझ्याहून योग्य माणूस या सभागृहात आहे.
मग हाचियाबाई ओरडल्या, ‘ऐकलंत का रे मेल्यांनो? ह्याला म्हणतात नवरा! बायकोसाठी खुर्ची सोडली! आमच्या म्हाताऱ्याने मरेपर्यंत टीव्हीचा रिमोट सोडला नाही!’
टाळ्या. फलक उलगडला. नुकुई मिसाओ.
सासरेबुवांनी माझी पाठ थोपटली. आजवर कधी थोपटली नव्हती.

१३ ऑक्टोबर, रविवार
शांतपणे विचार केला. मी फसलेलो नाही. उमेदवारी नको होती, नाही मिळाली. सुंठीवाचून खोकला गेला. आपली बायकोच उभी आहे हे कळायला मला जरा उशीर झाला, एवढंच.
संध्याकाळी निरोप आला. माझं कालचं वाक्य पत्रकावर छापणार. मंडळाचा आग्रह आहे, असा नवरा रोज सकाळी चौकात उभा राहिलाच पाहिजे.

६ नोव्हेंबर, बुधवार
कालपासून प्रचार. अंगावर पट्टा : ‘उमेदवाराचा नवरा’. येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाकायचं. हाचियाबाई बाजूला उभ्या राहून शिकवतात, ‘अजून खाली, जावईबापू. मतं जमिनीजवळ असतात.’
वाईट सांगायचं म्हणजे मला जमतंय. एका ट्रकवाल्याने थांबून हात मिळवला. म्हणाला, तुमच्याकडे बघून आमची बायको मला रोज टोमणे मारते.
ऑफिसात कप कमी पडले म्हणून माळ्यावरचे निळे कप आणले. त्यांतून ग्रीन टी चाललाय. एकात पोस्टरची खळ आणि ब्रश. टेबलावरचा लाल दारुमा बाहुला रंगवलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघतो. दुसरा डोळा जिंकल्यावर.

१० नोव्हेंबर, रविवार
पेपरात आलंय, समोर उभा असलेला तोच हवामानवाला पुढे आहे. चला, आशा आहे. देवळात गेलो. सगळ्यांना वाटलं, विजय मागतोय. काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.
घरी मिसाओ गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. आवाज बसलेला. म्हणाली, ‘मला लहानपणापासून हेच करायचं होतं हो. बाबा मुलगा नाही म्हणून रडायचे, आणि मी तिथेच बसलेली असायचे. कुणी विचारलंच नाही.’
मीही नव्हतं विचारलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्या देवळात जाऊन मागणं परत घ्यावं म्हणतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
देवळात जायला वेळ झाला नाही.
मिसाओ हरली! अगदी थोडक्यात. टीव्हीवर हवामानवाल्याचा चेहरा झळकला आणि मला रडूच फुटलं. थांबेना. फोटोवाल्यांनी फोटो काढले. हाचियाबाई म्हणाल्या, बघा, किती जीव आहे बायकोवर. मिसाओने मलाच रुमाल दिला. तेव्हा मात्र मान वर करवली नाही.
मग स्वच्छतागृहात जाऊन त्सुबाकिउराच्या दुकानमालकाला फोन लावला. एक तारखेपासून दुकान भाड्याने घेतो म्हटलं. रिकामं आहे, या, म्हणाला.
ऑफिसातून निळे कप गोळा केले. धुतले. खळीचाही, नीट खरवडून. वर्तमानपत्रात गुंडाळले.

१८ नोव्हेंबर, सोमवार
पहाटे पक्षाचा फोन. आसपासच्या सगळ्या प्रांतांत मिसाओइतक्या थोडक्यात कुणीच हरलं नाही. म्हणून यादीतून आत. खासदार.
तीनदा ‘बान्झाई’चा जयघोष झाला. माझेही हात वर गेले, सवयीने.
पक्षाचे लोक म्हणाले, शेवटच्या आठवड्यात जे अंतर कमी झालं ते चौकातल्या वाकण्यामुळे. माझ्या. हाचियाबाईंनी सर्वांना सांगितलं, शिकवलं कुणी ते विचारा.
दारुम्याचा दुसरा डोळा रंगवायचा का, यावर वाद. हरली की जिंकली? सासरेबुवा म्हणाले, शिगेतो, तूच रंगव. रंगवला. आता दोन्ही डोळ्यांनी बघतोय.
मिसाओ हळूच म्हणाली, ‘अहो, एवढी एक टर्म. मग त्सुबाकिउरा. शब्द देते.’ चेहरा इतका उजळलेला की मी हो म्हटलं.
कप पुन्हा उघडले. पाहुणे आलेत.
उद्या सकाळपासून चौकात आभाराचं वाकणं. हातमोजे आणायचे आहेत. माझ्या मापाचे.