कमांडर अगस्त्य यांची पेढेतुला

तात्यापारा, रायपूर
६ एप्रिल २००३

ती. स्व. सौ. मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. काकांच्या डाव्या पायाचा अंगठा मात्र खुशाल नाही. जखम बोराएवढी झाली आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की शुगर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. क्षमाने घरातली साखर कुलपात ठेवली. पण बाहेरून जे घरात येतं त्याला कुलूप कसं लावायचं?

येतात ते 'नक्षत्रयान प्रेमी मंडळ'वाले. काका ज्यात कमांडर झाले होते ती दूरदर्शनवरची मालिका संपून सतरा वर्षं झाली, यान कधीच भंगारात गेलं असेल, पण या लोकांच्या डोक्यातून काही उतरत नाही. रोज संध्याकाळी चार-पाच जण आपल्या नरहरकाकांच्या, म्हणजे त्यांच्या कमांडर अगस्त्यच्या दर्शनाला येतात. दारातच डाव्या कानशिलाला तीन बोटं लावून सलामी देतात. चांगले टक्कल पडलेले, नातवंडं असलेले बाप्ये! मग डबा उघडतो आणि प्रत्येक जण आपल्या हाताने काकांच्या तोंडात पेढा घालतो. मंडळाचा अध्यक्ष श्यामराव, पंडरी बाजारात कापडाचं दुकान आहे, तो तर पेढा भरवून झाल्यावर बोटंही स्वतःच चाटतो. मला जेवण जात नाही.

मी त्यांना डायबेटिसचं सांगून पाहिलं. सगळे हसले. श्यामराव म्हणाला, भैया, कमांडर विषारी ग्रहावरून जिवंत परतले होते, आणि हा तर घरच्या गायीचा खवा आहे, बाधत नाही. काका शेजारीच बसले होते. पट्टी बांधलेला पाय लुंगीखाली ओढून घेतला आणि म्हणाले, निरंजन उगाच घाबरतो, मले काही झालेलं नाही.

आता पुढचं ऐक. २७ तारखेला त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त पेढेतुला ठरली आहे. चांदीच्या रंगाचा पोशाख चढवून त्यांना लाकडाच्या टालवरच्या, म्हणजे वखारीतल्या, काट्यात बसवणार, दुसऱ्या पारड्यात पेढे. तुला झाली की अख्खं सभागृह रांगेने येऊन एकेक पेढा भरवणार. पहिला मान मंत्र्यांचा. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून इथे मंत्र्याशिवाय बारसंही होत नाही.

लोक गेल्यावर मी काकांना म्हटलं, नाही म्हणून टाका आणि ताईकडे नागपूरला चला, तिथे नीट उपचार करू. तर म्हणाले, "पोट्ट्या, मले ओळखणारे येवढेच उरले. त्यायले नाही म्हणू?"

यावर काय उत्तर द्यायचं? तुला सुचलं तर कळव. लोभ आहेच, फक्त तो खव्याच्या रूपात पाठवू नकोस.

तुझा,
निरंजन

•

नागपूर
१२ एप्रिल २००३

चि. निरंजनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. शिव्या छान जमल्या आहेत. पण शिव्यांनी शुगर उतरत असती तर तुझ्या घरात कोणालाच झाली नसती.

तू त्या लोकांना डॉक्टरांचं सांगत बसलास. ते डॉक्टरांचं कशाला ऐकतील? ते फक्त नक्षत्रयानाचं ऐकतात. तुला आठवतं का, परक्या ग्रहावर उतरलं की कमांडर शिरस्त्राणाची काच खाली ओढायचा आणि यानात परतेपर्यंत उघडायचा नाही? तिथलं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. एकदा तर परग्रहाची राणी सोन्याचं ताट घेऊन आली आणि काकांनी नुसता हात आडवा केला. मी तेव्हा दोन पोरांची आई होते, तरी जीव खालीवर झाला होता.

तर काकांना म्हणावं, शिरस्त्राण घालूनच जा. व्यासपीठावर चढल्याबरोबर जाहीर करा की कमांडर आज एका नव्या ग्रहावर उतरला आहे. तुमचं राज्य नवं, राजधानी नवी. मंत्री खूश होतील. आणि नवा ग्रह म्हटला की काच बंद. पुढचं मंडळच बघून घेईल.

त्यांना आजारी आहात असं म्हणू नकोस, भूमिका आहे म्हण. ते ऐकतील. मला काका तेवढे एकच, ते स्वतःच्या पायांनी चालत माझ्या घरी यायला हवेत. तुला पटणार नाही, ठाऊक आहे. रविवारी सकाळी मालिका लागली की तू तोंडासमोर पेपर धरून बसायचास. अर्धा तास पान मात्र उलटत नव्हतं.

क्षमाला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
मंदाताई

•

तात्यापारा, रायपूर
२ मे २००३

ती. स्व. सौ. मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काका सुखरूप पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस. इकडचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

तुझी युक्ती मी नाक मुरडतच काकांपुढे ठेवली. भूमिका म्हटल्यावर ते पलंगावर ताठ बसले आणि संवाद कोण लिहिणार, असं विचारू लागले. तेही मलाच करावं लागलं. आयुष्यात इतकं लाजिरवाणं काही लिहिलं नव्हतं.

२७ तारखेला मंत्री दोन तास उशिरा आले. तोवर काका त्या पोशाखात. श्यामरावने लग्नाच्या मंडपाला लावतात ते चकाकतं कापड शिवून आणलं होतं, एप्रिलच्या उन्हात आतला माणूस उकडून निघेल असं. सभागृहात घाम, अत्तर आणि खव्याचा आंबूस वास. पेढ्यांच्या परातींवर माश्या. काट्याला लाकडाचा भुसा तसाच. काकांना उचलून पारड्यात बसवलं तेव्हा त्यांचा पाय साखळीला घासला. शिरस्त्राणात चेहरा दिसला नाही, पण हातमोजा आवळला गेला तो मी पाहिला.

मग काका बोलले. आवाज अजून तोच आहे, ताई. कमांडर अगस्त्य नव्या ग्रहावर उतरला आहे, असं हिंदीतून म्हणाले आणि काच खाली ओढली. टाळ्या थांबेनात. मंत्री हात जोडून चारी दिशांना फिरले, जणू ग्रह त्यांनीच बनवला.

तुला झाली. मंत्री पेढा घेऊन काचेपाशी गेले. काकांनी हात आडवा केला. मंत्री हसले, फोटोवाल्याकडे बघितलं आणि जरा चढ्या आवाजात काच उघडायला सांगितली. त्यांचा माणूस काचेला हात घालायला पुढे झाला. तेवढ्यात श्यामराव, जो सकाळपासून मंत्र्यांपुढे कमरेत वाकलेला होता, मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहब, यहाँ काँच नहीं खुलता."

मग सभागृहातला एकेक जण उभा राहिला. सगळ्यांची तीन बोटं कानशिलाला. मंत्र्यांनी तो पेढा स्वतःच खाल्ला.

इथेच सगळं संपलं असतं तर मी मंडळाला माफ केलं असतं. पण काकांना खाली उतरवायच्या आधीच पारड्यातल्या परातींवर झुंबड उडाली. रुमाल, पिशव्या, टोप्या, ज्यात मावेल त्यात पेढे. लाल दिव्याच्या गाडीची डिकीही भरली गेली. काट्याची एक बाजू रिकामी झाली आणि आपले काका धाडकन जमिनीवर आले. मी त्यांना धरून उठवलं तेव्हा शेजारी एक गृहस्थ दोन्ही गालांत पेढे भरून सलामी देत होते. शिसारी आली.

काल काकांना नागपूरच्या गाडीत बसवायला गेलो तर स्टेशनवर सगळे पुन्हा हजर. या खेपेला डबे नव्हते. एक विचित्र गोष्ट घडली. श्यामराव पाया पडला तो फक्त उजव्या पायाला हात लावून. डाव्याच्या जवळ गेला नाही. याला माहीत होतं? आणि कधीपासून? पेढे भरवत होता तेव्हाही? विचारायला तोंड उघडलं, पण गाडी हलली. काका खिडकीत, आणि फलाटावर ती सगळी तीन बोटं. ऊन फार होतं. मी डोकं खाजवत उभा राहिलो आणि घरी आलो.

संध्याकाळी दारावर कोणी आलं नाही. क्षमाने साखरेचं कुलूप काढलं. घर फार शांत आहे, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
निरंजन

•

नागपूर
२५ मे २००३

चि. निरंजनास,
अ. उ. आ.

अंगठा वाचला. डॉक्टर म्हणाले, जखम भरून येते आहे, आता काढायचं नाव नको. काका काठी टेकत अंगणात फेऱ्या घालतात आणि कारल्याच्या रसाला परग्रहावरचं द्रव्य म्हणून नाक न मुरडता पितात. शिरस्त्राण माझ्या शोकेसमध्ये आहे. मी रोज पुसते. हसायचं काम नाही.

श्यामरावांचं पत्र आलं. कमांडर परत कधी उतरणार, असं विचारतात, आणि मंडळाने आता पेढे बंद करून काकड्या आणायचं ठरवलंय म्हणे. तुझ्या घरी येतील, तयारीत राहा.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, मंत्र्यांपाशी हसले, फलाटापाशी मात्र मला थांबवलं. म्हणाले, "पोट्टा खाजवत होता खरा. पण डाव्या कानशिलावर, अन् तीन बोटांनी."

मी कोणाला सांगणार नाही. सुट्टीत सगळे या. माया आहेच.

तुझी,
मंदाताई